मागच्या सीटवर मी

मंडळी, आज सकाळी मी बायकोवर संशय घेतला.

माझी स्पोर्ट गाडी म्हणजे तीनचाकी मोटरसायकल. पुढं दोन चाकं, मागं एक, गिअर नाही. मागची सीट म्हणजे नुसती फळी. दोघांना सोयगावला तिच्या माहेरी जायचंय, म्हणून मी सीटवर जाड फोम घालून घेतला, पाठीला टेकूही बसवला.

आज तिला मागं बसवून पडेगावपर्यंत चाचणी घेतली. कसं वाटतंय विचारलं, की लगेच "मस्तय" म्हणायची. पण प्रत्येक खड्ड्याला माझा खांदा आवळायची. उतरल्यावर तिचा हात कमरेवर गेला. मी बघतोय म्हटल्यावर तिनं तो काढला.

"खरं सांग, दुखतंय ना?"

"नाय हो. तुम्ही एवढं केलंय."

मला पटेना. ती रोज शेंद्र्याला स्वतः स्कूटर चालवत कामाला जाते, बिनगिअरची ही गाडी तिला जमणारच. किल्ली तिच्याच हातात दिली आणि मागं बसलो. दहा मिनिटांत टेकूची सळई माझ्या मणक्यात रुतायला लागली.

"थांब जरा," मी म्हटलं.

"आता कळलं व्हय?" ती म्हणाली.

टेकू तिथंच काढून टाकला. नवा तिच्या मापानं करून घेणार.

लग्नाला पंधरा वर्षं झाली, दोघं निघालो की कायम तीच मागं बसली. तुमच्यापैकी कोणी कधी मागं बसून बघितलंय का?