चार्ज न देता गेलेला हिरो

सुपरहिरोचा सिनेमा का फसतो, या विषयावर मी न थांबता तासभर बोलू शकतो. बोलतोही. कुरकुंभला आमच्या केमिकल कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मी ताट घेऊन बसलो की समोरचा माणूस आपलं ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जातो, आणि त्यात भाजीचा काही दोष नसतो. खलनायक कच्चा असतो, शेवटी नुसत्या इमारती पडत राहतात, कोण कोणाला मारतंय ते कळत नाही. हिरो मेला तरी पुढच्या भागात परत येणार हे पोराटोरांनाही ठाऊक असतं, मग आपण जीव मुठीत धरून कशासाठी बसायचं? हे सगळं मी हातवारे करून सांगतो. वय बावन्न, हुद्दा सीनियर ऑपरेटर, डोक्यावर केस मोजके, आणि तोंडी हा विषय. बायको म्हणते, "चर्चमध्ये साक्ष द्यायला उभं केलं तर तोंडातून शब्द फुटत न्हाई, आन् ह्या उडणाऱ्या बाप्यांवर प्रवचन!"

या विषयातला माझा अधिकार कुठून आला, तेही सांगून टाकतो. वडील रेल्वेत होते. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आम्ही वाढलो. स्टेशनाबाहेर एक शेंगदाणेवाला बसायचा. पुड्या बांधायला तो रद्दी आणायचा आणि त्या रद्दीत एका परदेशी सुपरहिरोची जुनी कॉमिक्स यायची. त्याच्याशी लाडीगोडी लावून मी ती घरी न्यायचो. पण तो पुडीसाठी पान फाडायचा ते नेहमी मागून. त्यामुळे माझ्याकडे आलेल्या एकाही कॉमिकला शेवट नव्हता. हिरो जळत्या गोदामात अडकलाय, छत कोसळतंय, आणि पुढची चार पानं सोलापूरकडे गेलेल्या कुणाच्या तरी हातात, दाण्यांसकट. मग शेवट मी रचायचो आणि शाळेत खरा म्हणून सांगायचो. थोडक्यात, त्या हिरोची एकही गोष्ट मी आजवर पूर्ण वाचलेली नाही. आणि कॅन्टीनमधला तज्ज्ञ तो मीच.

पुढे कुरकुंभला लागलो. आमच्या प्लान्टमध्ये एक नियम आहे. रिॲक्टर चालू असताना खुर्ची रिकामी सोडायची नाही. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे आपला रिलीव्हर, येतो, तापमान बघतो, प्रेशर बघतो, लॉगबुकात सही करतो आणि म्हणतो, "घेतला चार्ज." तोवर आपण जागचं हलायचं नाही. रिलीव्हर आलाच नाही, तर त्याचीही पाळी आपणच करायची. त्याला आम्ही 'डबल' म्हणतो. हा नियम चांगला आहे. तो मोडला तर काय होतं, हे आमच्या भागात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

पण घरात एक लहान मुलगी असते आणि तिला हा नियम समजावून सांगावाच लागतो. पहिलीच्या गॅदरिंगला मी पोचलो नाही. तिच्या एका वाढदिवसाला केक कापून, खाऊन, भांडी घासून झाल्यावर पोचलो. काय सांगणार? मी माझा जुना हिरो बाहेर काढला. तिला सांगितलं की तो शहराच्या पाण्याच्या टाकीवर पाळीनं पहारा देतो. त्याला उडता येतं, भिंतीपलीकडचं दिसतं, पण रिलीव्हर आल्याशिवाय टाकी सोडता येत नाही. सोडली, तर शक्ती जाते. ती विचारायची, "मग त्याच्या मुलीला राग येत नाही?" मी म्हणायचो, "तिला माहीत असतं, तो टाकीवर आहे." ती समजूतदारपणे मान डोलवायची. स्वतःची गैरहजेरी खपवायला मी एका परदेशी हिरोला आमच्या कंपनीत कामाला लावला, आणि तोही विनातक्रार डबल करत राहिला.

हे इथवर हसण्यावारी नेता येतं. पुढचं मला कधी हसत सांगता आलं नाही.

ती सहा वर्षांची असताना चर्चमधल्या नाताळच्या नाटकात तिला काम मिळालं. मेंढपाळ नंबर तीन. तिला एकच वाक्य होतं, "चला, आपणही बघायला जाऊ." महिनाभर ती ते वाक्य म्हणत घरभर हिंडत होती. नाटक संध्याकाळी होतं आणि त्या दिवशी माझी पहिली, म्हणजे दुपारी सुटणारी पाळी होती. रिलीव्हर होते आमचे एक वयस्क सहकारी, त्यांना सगळा प्लान्ट मामा म्हणायचा. मामा पंधरा मिनिटं आधी आले. घाईघाईनं सगळं बघून सही केली आणि म्हणाले, "घेतला चार्ज. पोरीचं नाटक हाय ना? जा बिगीबिगी." मी बाहेर पडलो. गेटवर आमच्या प्लान्टचे चौघे जीप घेऊन उभे. पुण्याला निघाले होते. त्याच हिरोचा सिनेमा लागला होता आणि एक तिकीट जास्तीचं होतं. "तुझा हिरो आणि तूच नाही?" असं कुणीतरी म्हणालं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि जीपमध्ये बसलो.

घरी परतल्यावर मुलगी जागीच होती. मी म्हणालो, "रिलीव्हर आला नाही गं." तिनं मान डोलवली आणि झोपली. बायकोनं ताट वाढलं.

त्या सिनेमातलं मला आज काही आठवत नाही. सारखं घड्याळ बघत होतो, एवढं आठवतं. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये कुणीतरी विचारलं, कसा होता? मी म्हणालो, भिकार. का? आता का ते कसं सांगणार? मग दिग्दर्शकाच्या चुका काढल्या, कथा कच्ची म्हणालो, आणि बोलताना एवढं बरं वाटलं की आजतागायत थांबलो नाही. मुलीला कधीतरी हे कळेल, ही भीती मात्र मी गेली पंधरा वर्षं उशाशी घेऊन झोपतो.

मुलगी आता एकवीस वर्षांची आहे. कुरकुंभलाच एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये लागली आहे, तिलाही पाळ्या आहेत. रिलीव्हर उशिरा आला की घरी येऊन त्याच्या नावानं असा शंख करते की मला अभिमान वाटतो. यंदा नाताळच्या आठवड्यात आम्ही तिघं शिरूरला, बायकोच्या माहेरी गेलो होतो. तिथं त्याच हिरोचा नवा सिनेमा लागला होता. परत निघण्याच्या दिवशी सकाळचा शो बघून मग दौंड गाठायचं, असं मुलीनं ठरवलं. तिकिटंही तिनंच काढली. माझा हा नाद तिच्यात उतरलाय.

सिनेमा बरा चालला होता. मध्यंतरानंतर एका मोठ्या कारखान्यात गळती सुरू होते. आत माणसं अडकलेली. हिरो एक मोठा व्हॉल्व्ह दोन्ही हातांनी दाबून धरतो. तेवढ्यात आकाशातून खलनायक त्याला डिवचतो, आणि हा व्हॉल्व्ह सोडून सरळ वर उडतो. मुलगी ताडकन उभी राहिली. "अरे ए! चार्ज कोण घेणार?" मागच्या रांगेतून आवाज आला, "ताई, खाली बसा." बसली, पण तिचं चित्त सिनेमात राहिलं नाही. सारखी पुटपुटत होती, "व्हॉल्व्हवर कोणी नाही. अजून कोणी नाही." खरं सांगतो, उरलेल्या लढाईत मलाही त्या व्हॉल्व्हशिवाय काही दिसलं नाही.

बाहेर पडताना सगळेच नाराज होते. कुणी म्हणत होतं आधीचा बरा होता, कुणी म्हणत होतं हिरोचा पोशाखच बदललाय. प्रत्येकजण डोक्यात आपापला हिरो घेऊन आला होता आणि पडद्यावर भलताच निघाला. आमच्या घरचा तर कंपनीचा नोकर होता, तो पडद्यावर दिसणार कसा?

गाडी मी चालवत होतो, बायको शेजारी, मुलगी मागे मोबाइलवर खटाखट टाइप करत होती. न्हावरे गावाच्या अलीकडे म्हणाली, "पप्पा, मी फॅन लोकांच्या ग्रुपवर या सिनेमाचं पार सालटं काढलंय. लिहिलंय, मूळ कॉमिकमध्ये रिलीव्हर आल्याशिवाय हिरो जागा सोडत नाही, सोडली तर त्याची शक्ती जाते, हे या लोकांनी वाचलेलंच नाही. आता तुमच्या त्या अंकाचा फोटो टाकते. कुठला अंक तो?"

आता ही जगभरच्या जाणकारांपुढे माझी पाण्याची टाकी मांडणार. मी म्हणालो, "अंक नाही."

"हरवला?"

"नव्हताच. ते मी रचलं होतं."

मागे ती खो खो हसली. "मला थोडा संशय होताच. उडणारा माणूस टाकीवर वॉचमन कशाला होईल?" बायकोही हसली. मीही हसलो. सुटलो असं वाटलं. मग डोळे पुसत मुलगी म्हणाली, "जाऊ दे, पुसून टाकते. हिरो खोटा असेल, पण तुमची डबल तर खरी होती ना. म्हणून मी कधी रुसले नाही तुमच्यावर."

इथं गप्प बसलो असतो तर चाललं असतं. गप्प बसण्याचा मला पंधरा वर्षांचा अनुभव होता. पण ती ज्या विश्वासानं म्हणाली ना, तो मला सहन होईना. पारगावच्या पुलाअलीकडे मी गाडी कडेला घेतली. उसाचे ट्रॅक्टर जवळून धडधडत जात होते. आरशात न बघता मी सांगितलं. नाटकाच्या दिवशी मामा आले होते. पंधरा मिनिटं आधी आले होते. मी सिनेमाला गेलो होतो.

मग बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "म्हंजी त्या दिवशी डबल नव्हती."

"नव्हती."

"मी तुम्हाला सांगितलं न्हाई तवा. म्हनलं, माणूस डबल करून दमून आलाय, कशाला अजून त्याच्या जिवाला घोर."

"काय नाही सांगितलं?"

"नाटक संपलं. समदी पोरं खाली उतरली, केक खायला पळाली. ही स्टेजवरच. हातात ती मेंढपाळाची काठी. मी म्हनलं, चल. तर म्हनली, पप्पा आल्याबिगर चार्ज कुणाला देऊ? ओढलं तर रडाया लागली."

मी मागे वळलो. मुलगी माझ्याकडेच बघत होती. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला जरा सोपं गेलं असतं. "मला आठवतंय," ती म्हणाली. "शेवटी चर्चचे पाळकसाहेब माझं ऐकून वर आले. म्हणाले, 'घेतला चार्ज.' मग मी त्यांना काठी दिली."

"किती वेळ उभी होतीस?"

"तेव्हा मला घड्याळ कुठे कळत होतं?"

"सतरंज्या गुंडाळून झाल्या होत्या," बायको म्हणाली. "खुर्च्या पन."

मी मनात वेळ जुळवून बघितली. पुण्यात तेव्हा मध्यंतर झालं असणार. मी दुसरा समोसा घेतला होता.