चिंचेने घासलेला मुद्देमाल

ती घटना आजही आठवते, कारण त्या प्रकरणात गुन्हा एकच घडला आणि तो मी केला.

दुसरं महायुद्ध चालू होतं. हुबळीच्या ठाण्यात मी नवा फौजदार होतो. मिशा मोठ्या, अक्कल बेताची. बाजारातल्या एका किराणा दुकानदाराने खबर दिली, "साहेब, आमच्या शेजारच्या पेन्शनर मास्तरांकडं जर्मन नाणी आहेत. भिंग लावून बघत बसतात."

मला वाटलं, गुप्तहेर सापडला! झडती घेतली, पंचनामा केला, चांदीची तीन काळवंडलेली नाणी जप्त केली आणि मास्तरांना ठाण्यात आणलं.

"नाण्यावर गरुडाच्या नखांत साप आहे," मी दरडावलं. "साप म्हणजे आपलं सरकार ना?"

"साप म्हणजे फ्रान्सचा बादशहा, फौजदारसाहेब," मास्तर वर्गात शिकवावं तसे म्हणाले. "त्याच्याविरुद्धच्या लढाईच्या शताब्दीला जर्मनांनी हे नाणं काढलं. मागच्या महायुद्धाच्याही आधी. साल बघा."

"काळं पडलंय. दिसत नाही."

"हे मधलं माझ्या धाकट्या भावाच्या खिशातलं. मागच्या युद्धात फ्रान्सच्या आघाडीवरून तो आला नाही, हे आलं. मी आजवर पुसलंसुद्धा नाही. तेवढं जपा."

मास्तरांना रोजची हजेरी लावून मी घरी सोडलं. आता नाणं कसं जपलं ते ऐका. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पूजेसाठी बंदुका, बेड्या पुसून आणि पितळी समया चिंचेने घासून मांडल्या होत्या. दसऱ्यानंतर धारवाडहून मोठे साहेब तपासणीला येणार होते, आणि चिंच उरली होती. मी मुद्देमालाची पुडी सोडली.

"ब्याड री, साहेब!" हवालदार कळवळला. "नका हात लावू, मुद्देमाल आहे तो!"

"गप बस. साहेबांपुढं काळी नाणी ठेवू?"

चिंच आणि राख लावून मी तिन्ही नाणी स्वतःच्या हातांनी लख्ख केली.

माझ्या त्या मेहनतीमुळे मोठ्या साहेबांना साल भिंगाशिवाय वाचता आलं. मास्तर खरं बोलत होते.

"परत करा," साहेब म्हणाले. "आणि मुद्देमाल घासल्याची मालकाने तक्रार केली, तर तुमचा पट्टा उतरवीन."

मास्तर आले. मधल्या नाण्यावर राखेचे ओरखडे उठले होते. त्यावरून ते बराच वेळ अंगठा फिरवत राहिले.

"मास्तर, माझ्या हातून..."

"पावती कुठं आहे?"

मी कागद पुढे केला. शाळेच्या फळ्यावर असतं तशा वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं, 'नाणी जशी नेली तशीच परत मिळाली.' खाली सही केली आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

पुढे सगळी नोकरी लोकांचे जबाब घेण्यात गेली. खोटं लिहून देणाऱ्याला स्वतःचं काहीतरी वाचवायचं असतं, असं मी नव्या फौजदारांना शिकवत असे. आणि शिकवताना दरवेळी त्या पावतीपाशी अडखळत असे.