काळा कोट आणि डेनिसची तारीख

बॅग भरत होतो, तेव्हा मुक्ता फोनवरून बजावत होती, "बाबा, कोट थंडीचा भरा. कोर्टाचा नको."

मी दोन्ही भरले. छत्तीस वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात वकिली केलेल्या माणसाला काळ्या कोटाशिवाय परदेशी जायला उघडं उघडं वाटतं, हे डॉक्टर मुलीला कसं सांगायचं?

मुक्ता आयर्लंडमध्ये नास या गावी राहते. डब्लिनपासून जवळ. सकाळी सातला हॉस्पिटलला गेली की अंधार पडल्यावरच घरी. दिवसभर घरात मी आणि बॉयलर. त्यातला बॉयलर तरी मधूनमधून बोलायचा. तीन आठवड्यांत मी स्वयंपाकघरातले सगळे प्रेस (तिथे कपाटाला प्रेस म्हणतात) दोनदा लावले. समोरच्या अकरा घरांची दारं रंगांसकट पाठ झाली. माझी बायको नलू असती तर एव्हाना त्या अकराही घरांत तिचा चहा झाला असता. तिला जाऊन दोन वर्षं झाली. ती दर वर्षी विचारायची, "यंदा जायचं ना मुक्ताकडे?" आणि दर वर्षी माझी कुठली तरी केस अगदी शेवटच्या युक्तिवादाला आलेली असायची. "पुढच्या वर्षी नक्की," मी म्हणायचो.

एका सकाळी न राहवून काळा कोट चढवला आणि बसने अर्ध्या तासावरच्या गावी गेलो. तिथे कोर्ट भरतं आणि मागच्या बाकावर कुणीही जाऊन बसू शकतं, असं कळलं होतं.

पहिल्याच दारातून रुबाबात आत शिरलो आणि कमरेत वाकून नमस्कार केला. सगळे गप्प. एक रडणारी बाईसुद्धा रडायची थांबली. नवरा-बायकोचं प्रकरण चालू होतं, आणि तिथे ती बंद दाराआड चालतात. एका कर्मचाऱ्याने माझं कोपर धरून अतिशय मायेने मला बाहेर आणून सोडलं. सुनावणी न होता कोर्टातून हाकललं जाण्याची ही माझी पहिलीच वेळ.

दुसरं दालन मात्र खुलं होतं. न्यायाधीश एक बाई होत्या. त्यांना नुसतं 'जज' म्हणायचं, हुजूर-बिजूर काही नाही. समोर साध्या सुटातले सॉलिसिटर. हे वकील अशिलाला भेटतात, कागद करतात आणि लहान कोर्टात उभेही राहतात. मोठ्या कोर्टात बोलायचं तर बॅरिस्टर नावाचा दुसरा वकील आणायचा. आपल्याकडे ही दोन्ही कामं एकाच कोटात होतात. गंमत म्हणजे सरकारची बाजू मांडायला पोलीसच उभा होता. तिथे पोलिसाला गार्डा म्हणतात.

माझ्या शेजारी एक म्हातारा टोपी कुरवाळत बसला होता. त्याने माझा कोट न्याहाळला.

"वकील का तुम्ही?"

तीन आठवड्यांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. खरं तर कुठलाच विचारला नव्हता. मी ताठ बसलो. "छत्तीस वर्षं झाली," म्हणालो. कुठे, ते सांगितलं नाही.

त्याचं नाव डेनिस. त्याची बायको नोरा वृद्धाश्रमात, घरापासून वीस-बावीस किलोमीटरवर. मध्ये बस नाही. तो रोज गाडीने जायचा. एकदा तिथल्या गल्लीतून जाताना उभ्या गाडीचा आरसा उडवला आणि ते लक्षातच न आल्याने तसाच पुढे गेला. निष्काळजी गाडी चालवल्याचा खटला.

"लायसन्स गेलं तर तिच्याकडे कसा जाणार?" तो म्हणाला. "वकील दिलेला नाही मी. काय बोलू?"

वकील नाही, तयारी नाही, आणि पुकारा व्हायची वेळ. अशा वेळी आमच्याकडचा कालचा ज्युनिअरही एकच गोष्ट करतो. "तारीख मागा," मी कुजबुजलो. "काहीही होवो, तारीखच मागा."

पुकारा झाला. फिर्याद मांडणारा गार्डा खाकरला. "तक्रार नोंदवणारा गार्डा आज आलेला नाही, जज."

"कारण?"

"कळवलेलं नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि डेनिसकडे पाहिलं. "तुम्हाला काही म्हणायचंय?"

डेनिसने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"मला पुढची तारीख हवी, जज."

"तुम्हाला हवी?"

"हो, जज."

"नक्की?"

मी आणखी जोरात मान डोलावली. चार आठवड्यांनंतरची तारीख पडली. पुढच्या बाकावरची एक तरुण सॉलिसिटर गर्रकन वळून आमच्याकडे बघतच राहिली.

ती ऑर्ला. बाहेर व्हरांड्यात तिने आम्हाला गाठलं. "हे कुणी सुचवलं?"

"या माझ्या वकिलांनी," डेनिस अभिमानाने म्हणाला.

"अहो, साक्षीदार नाही, कारण नाही. जज केस काढूनच टाकत होत्या! आता पुढच्या वेळी तो गार्डा नक्की येणार. तुम्ही प्रॅक्टिस कुठे करता?"

"साताऱ्यात."

"हे कुठल्या काउंटीत आलं?"

मी सांगितलं. तिने डोळे मिटले. जमीन दुभंगण्याची मी वाट बघत होतो. डेनिसने मात्र माझा खांदा थोपटला. "ग्रँड (म्हणजे ठीक आहे), ग्रँड. तुम्ही बोललात तरी माझ्याशी." त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"पुढच्या तारखेला मी उभी राहते," ऑर्ला म्हणाली. "तुम्ही एकच करा."

"काय?"

"तो कोट घालू नका."

माझं परतीचं विमान त्या तारखेच्या आधी होतं. मी मुक्ताला तिकीट बदलायला सांगितलं. "रोज घरी जायचं म्हणत होतात!" ती म्हणाली. मी सगळं सांगितल्यावर मात्र हसली नाही.

त्या चार आठवड्यांत डेनिस मला दोनदा नोराकडे घेऊन गेला. दोन्हीकडे काटेरी कुंपणं, ओल्या कुरणात मेंढ्या, पुढे काळपट दलदलीचं सपाट रान. मी डावीकडे बसून डावा आरसा सांभाळत होतो, "जरा उजवीकडे, जरा उजवीकडे" म्हणत. नोरा खिडकीशी होती. डेनिसने रोजच्यासारखी आपली ओळख करून दिली, मग बिस्किट चहात बुडवून भरवलं.

"आणि हे कोण?" तिने विचारलं.

"हे माझे वकील."

"मग काळजी नाही," नोरा म्हणाली. मी चहाच्या कपात बघत राहिलो.

तारखेला गार्डा आला. वहीतून घडाघडा वाचून त्याने साक्ष दिली. ऑर्ला नोराबद्दल बोलली, वीस-बावीस किलोमीटरबद्दल बोलली. माझ्याबद्दल बोलली नाही, हे उपकारच. जजनी ऐकून घेतलं आणि तीन महिने गाडी चालवायला बंदी घातली.

ऑर्ला लगेच म्हणाली, "जज, ही बंदी नाताळनंतर लागू करता येईल?"

"जानेवारीच्या मध्यापासून," बाई म्हणाल्या.

मी मागच्या बाकावर थंडीच्या कोटात बसलो होतो. तारीख कशी मागतात, ते छत्तीस वर्षांनी बघत होतो.

परत आलो. बाररूममध्ये माझी खुर्ची जागेवर होती, शेजारच्या दोन रिकाम्या होत्या. ज्युनिअर मंडळींनी विचारलं, "तिकडची कोर्टं कशी असतात, सर?" मी त्यांना पहिल्या दारातला नमस्कार सांगितला. सगळे पोट धरून हसले. दुसऱ्या दालनातलं सांगायचं राहून गेलं.

जानेवारी संपता संपता मुक्ताचा फोन आला. आता ती आपल्या सुट्टीच्या दिवशी डेनिसला नोराकडे नेते. आठवड्यातून एकदाच. बाकीचे सहा दिवस तो काय करतो, ते मी विचारलं नाही. मला माहीत आहे.

"तो तुमची चौकशी करत होता, बाबा. परत कधी येताय?"

समोर फायलींचा ढीग होता. 'पुढच्या वर्षी' ओठांवर आलंही होतं.

"त्याची बंदी कधी उठते?"

"एप्रिलच्या मध्यात."

"मग त्याच्या आदल्या दिवशीचं तिकीट काढ," मी म्हणालो. "पहिल्या फेरीला डावा आरसा सांभाळायला माणूस लागेल."