शिक्का मारणाऱ्याचं पहिलं उड्डाण

विमानांच्या कारखान्यात बारा वर्षं काढलेला माणूस विमानात बसायला घाबरतो, हे कळलं तर लोक दात काढतील, म्हणून मी कोणाला सांगितलंच नव्हतं. बायकोला तेवढं माहीत होतं, आणि तिने काय दात काढायचे ते काढून घेतले होते.

नाशिकपासून पाऊण तासावर आमचा कारखाना. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आयटीआय करून मी तिथे फिटर म्हणून लागलो. आमच्या कॉलनीतून एवढ्या मोठ्या कारखान्यात लागलेला मी पहिलाच, त्यामुळे मला सगळे विमानवाला म्हणायचे. लग्नाला गेलो, बारशाला गेलो, कोणीतरी विचारणारच, "काय हो, वरून खालची माणसं दिसतात का?" आणि मीही ठोकून द्यायचो, "दिसतात की, मुंगीएवढी." साफ खोटं. आम्ही लढाऊ विमानं जोडायचो. त्यात एकच सीट, ती वैमानिकाची. माझा आणि आकाशाचा संबंध काय तो मान वर करून बघण्यापुरता.

आता ही भीती बसली कशी ते सांगतो. आमच्या शॉपमध्ये, म्हणजे जोडणीच्या शेडमध्ये, भिंतीवर एक मोठा फळा होता. त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली. पान्हा घेतला की त्याच्या जागी आपल्या नंबरचा पितळी बिल्ला अडकवायचा, संध्याकाळी पान्हा परत लावून बिल्ला काढायचा. फळा भरला नाही तर कोणी घरी जायचं नाही आणि विमान जागचं हलायचं नाही. कारण विमानाच्या पोटात विसरलेलं एक हत्यार काय करू शकतं ते आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं.

एकदा मुलीला ताप होता म्हणून मी अर्धा तास आधी सुटलो. घरी येऊन शर्ट काढला तर टण्णकन काहीतरी फरशीवर पडलं. बघतो तर वीतभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर! शेजाऱ्याची स्कूटर मागितली आणि तसाच परत निघालो. पोचलो तेव्हा अख्खी शिफ्ट बॅटऱ्या घेऊन विमानाखाली गुडघ्यांवर रांगत होती, बाहेर बसगाड्या खोळंबलेल्या. साहेबांनी हत्यार हातात घेतलं, फळ्यावर लावलं आणि एवढंच म्हणाले, "जा, पोरीला बघ." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून मी इतका काटेकोर झालो की पुढे मला तपासनीस केलं. छोटा गोल शिक्का मिळाला, माझ्या नंबरचा. काम तपासायचं, पसंत पडलं तर कागदावर शिक्का मारायचा, मग ते विमान पुढे. पण डोक्यात एक किडा शिरला तो शिरलाच. माझ्यासारखा माणूस विसरू शकतो, तर जगातली सगळी विमानं माझ्यासारख्याच माणसांनी जोडलेली ना! लोकांना उंचीची भीती वाटते, मला माणसांची वाटायला लागली.

ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. एका दुपारी साहेबांनी बोलावलं. कलकत्त्याच्या पुढे एका हवाई तळावर आमच्याकडचं एक विमान अडकलं होतं. पक्षी आदळून पंखाखालचा पत्रा फाटलेला. पत्रा तिथली माणसं बदलणार होती, पण तपासून शिक्का मारायला कारखान्याचा माणूस पाहिजे. जाणारा होता त्याला कावीळ झाली.

"परवा सकाळी तिथे हजर पाहिजेस," साहेब म्हणाले. "उद्या दुपारी मुंबईहून विमान आहे."

"साहेब, नाशिकरोडहून कलकत्ता मेल आहे की. आत्ता घरी जातो, पिशवी भरतो..."

"रिझर्वेशन आठ दिवस नाही. आणि मेल परवा सकाळी पोचणार आहे का?"

"दारात उभा राहून जाईन, साहेब."

त्यांनी चष्मा काढला. मला फिटरचा तपासनीस त्यांनीच केलेलं, त्यामुळे माझी नाडी त्यांना ठाऊक. "घाबरतोस?" मी खिशातला शिक्का चाचपला. "मग तसं लिहून दे. जबरदस्ती नाही. पण तो शिक्का माझ्या टेबलावर ठेवून जा. ज्याला विमानात बसायचा भरवसा नाही, त्याने दुसऱ्याला 'बस' म्हणून शिक्का मारू नये. सकाळी सांग."

घरी आलो तो तोंड पाडूनच. बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, म्हणेल जाऊ द्या हो, फिटर तर फिटर. कसलं काय! ती म्हणाली, "अहो, शिक्का काढून घेतला तर मी कॉलनीत तोंड कुठे लपवू? तुम्ही गेल्यावर मी एकदाच घाबरीन. तुम्ही नाही गेलात तर तुम्ही जन्मभर कुढाल, आणि ते मला बघावं लागेल." मग तिने बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, माझ्या पिशवीत दशम्या घातल्या, शेंगदाण्याची चटणी घातली. चटणी इतकी घातली की मी चार दिवसांसाठी जातोय का चार महिन्यांसाठी, कळेना.

सकाळी साहेबांना "जातो" म्हणालो तेव्हा त्यांनी फक्त तिकीट पुढे सरकवलं.

कसारा घाट उतरताना एसटीत मी डोळे मिटून बसलो होतो आणि मनातल्या मनात म्हणत होतो, गाडी बंद पडू दे, टायर फुटू दे, काहीतरी होऊ दे. मेली एकही आडकाठी आली नाही. बस पंधरा मिनिटं आधीच पोचली.

सांताक्रूझ विमानतळावर तेव्हा विमानापर्यंत चालत जायचं असे. शिडीपुढे माणसांची रांग. मी रांगेत होतो, पण पाय कधी वळले कळलंच नाही. सवय मेली! मी सरळ पंखाखाली गेलो, वाकलो, टायरची झीज पाहिली, चाकाच्या खणात मान घातली. एके ठिकाणी तेलाचा ओघळ दिसला, त्यावर बोट फिरवून वास घेतला. तेवढ्यात शिट्टी, आरडाओरडा, एक पोलीस धावत आला. त्याने माझं बकोट धरलं.

मागून एक काळ्या हातांचा मेकॅनिक फडक्याला हात पुसत आला. त्याने माझ्या बोटाकडे पाहिलं आणि हसायला लागला. "छोडो इनको, अपनेही आदमी हैं," तो पोलिसाला म्हणाला. मग मला, "कोणत्या कारखान्यातले?"

"नाशिककडचा. तुम्ही ओळखलं कसं?"

"पॅसेंजर विमानाचं तोंड बघतो, असं पोट फक्त आपणच बघतो. तो ओघळ जुना आहे, मी सकाळीच पाहिला. पुसायचा राहिला. चला, बसा आता."

पुसायचा राहिला! झालं, मला आणखी घाम फुटला. आणखी काय काय राहिलंय, बाबा? पण मागे पोलीस, पुढे शिडी. काळं बोट रुमालात गुंडाळून मी चढलो.

माझ्या शेजारी खिडकीत एक म्हातारी. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, मांडीवर घट्ट धरलेली पिशवी. दिंडोरीकडची निघाली. जावई लष्करात, कलकत्त्याला. लेकीचं पहिलं बाळंतपण, म्हणून त्याने तिकीट पाठवलेलं. मुलगा विमानतळावर सोडून गेला होता. हवाई सुंदरीने ट्रेमध्ये लिमलेटच्या गोळ्या आणि कापूस आणला. म्हातारीने कापूस कानात घातला, मग माझं बोलणं ऐकू येईना म्हणून काढला.

"बाबा, तू कुठं चालला? काय काम करतो?"

खोटं बोलायला सुचलं नाही. "मी विमानं बनवतो, मावशी."

अहाहा! तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "अग्गं बाई! मंग मला कशाचं भ्याव? इमान बनवणाराच शेजारी बसलाय." आणि तिने माझा हात धरला. तिचा हात गार पडला होता. माझा त्याहून गार होता, पण तिला वाटलं असेल, विमान बनवणाऱ्यांचे हात गारच असतात.

विमान हललं आणि तिची चौकशी सुरू झाली. खाली धडधड झाली. "ह्ये काय रं?" धावपट्टीचे सांधे, मावशी. पंखाची मागची बाजू खाली सरकली. "मोडलं बग!" मोडलं नाही, मावशी, ते मुद्दाम खाली घेतात, त्याने उचल मिळते. मग ती गर्जना, पाठ मागे दाबली गेली आणि जमीन सुटली. माझे डोळे मिटलेले, दात आवळलेले. पोटाखाली घर्रर्र करत धाडकन आवाज झाला. तिने माझ्या मनगटात नखं रुतवली. "आता काय तुटलं?"

"काही नाही तुटलं," मी डोळे उघडून म्हणालो. "चाकं आत घेतली. आणि तो धाड म्हणजे कडी बसली. कडी बसली नसती तर काळजी होती."

हे बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. कडी बसली होती. आवाज जसा यायला पाहिजे तस्साच आला होता. त्यानंतर मी प्रत्येक आवाज ऐकायला लागलो, आणि प्रत्येक आवाज माझ्या ओळखीचा निघाला. ती विचारत होती, मी सांगत होतो. अर्ध्या तासात मी असा काही नाकाने कांदे सोलायला लागलो, जसा काही इंजिनाचा जन्मदाता मीच. आणि मधेच लक्षात आलं की मान आखडलेली नाही, श्वास नीट चाललाय. बरं वाटलं, फार बरं वाटलं.

म्हातारीने पुढच्या खिशातली कागदी पिशवी काढली, जी ओकारीसाठी ठेवतात ती. तिला वाटलं, खाऊसाठी दिलीय. तिने त्यात आपल्याजवळचे दोन डिंकाचे लाडू घातले आणि मला दिले. "घे. लेकीचे हायेत, पण तू बी खा." खाल्ले मुकाट्याने, फक्कड झाले होते.

लाडू खाताना तिने विचारलं, "मंग तू लय येळा बसला असशील इमानात?"

मी तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांचं खोटं ओठांवर आलंच होतं. "एकदाही नाही, मावशी. हे पहिलंच. मला भीती वाटते."

तिने माझ्या हातावरचा हात काढला नाही. मग म्हणाली, "आन् लोकाच्या पोरांना बसवतो व्हय रं?"

ती काही टोचून बोलली नव्हती, साधंच विचारलं होतं. पण साहेबांच्या बोलण्याने लागलं नव्हतं एवढं ते मला लागलं. कलकत्त्याला उतरताना तिने पुन्हा डोळे मिटले, तेव्हा मी न विचारताच सांगत गेलो, हे चाक बाहेर आलं, हे जमिनीला टेकलं, हा ब्रेक. उतरल्यावर जावई दिसताच ती मला विसरूनही गेली.

दुसऱ्या दिवशी तळावर मी त्या पत्र्यापाशी तीन तास बसलो. पत्रा धरून ठेवणाऱ्या एकेका रिव्हेटवरून बोट फिरवलं, आरसा आणि बॅटरी घालून आतून पाहिलं. एक रिव्हेट पसंत पडला नाही, तो काढून पुन्हा मारायला लावला. तिथला फिटर वैतागला, वैतागू दे. मग कागद पुढे आला. शिक्का मारायच्या आधी मी पहिल्यांदाच स्वतःला विचारलं, यात दुसरी सीट असती तर बसला असतास? घाबरलो असतो, पण बसलो असतो. मग मारला.

विमान चाचणीला न्यायला जो आला तो चोवीस-पंचवीसचा असेल. मिसरूड बारीक, हातात हेल्मेट. त्याने कागद पाहिला, शिक्का पाहिला, माझ्याकडे पाहून मान हलवली आणि वर चढला. ते उडालं, लहान होत गेलं, आवाजही विरला. मी तिथेच उन्हात उभा. चला, सावलीत बसा, म्हणून दोघे सांगून गेले. माझा पाय निघेना. माझ्या स्वतःच्या उड्डाणात मी इतका घाबरलो नव्हतो.

पंचवीस मिनिटांनी ते परत आलं, अलगद टेकलं. हुश्श! माझा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले, ते मी पुसलेही नाहीत.

पोरगा खाली उतरला. केस घामाने कपाळाला चिकटलेले. "एकदम बढिया," तो म्हणाला आणि पहिलं काय विचारलं तर, चाय मिलेगी क्या? आम्ही दोघं शेडमध्ये चहा घेत बसलो. मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगून टाकलं की काल मी जन्मात पहिल्यांदा विमानात बसलो आणि फार घाबरलो होतो. वाटलं, आता हा हसेल.

तो हसला नाही. बशीत चहा ओतत म्हणाला, "डर तो मुझे आज भी लगा. रोज लगता है."

"फिर जाते कैसे हो?"

त्याने खांदे उडवले. "आप लोगों ने देखा होता है ना."