जर्मन बाईंची गावठी जर्मन

जर्मन बाई आम्हाला कधी चुकूनही 'तू' म्हणाल्या नाहीत. इथे आखातात, इंटरनॅशनल सिटीतल्या त्यांच्या हॉलमध्ये आम्ही चार-पाच नर्सेस जर्मनीतल्या नोकरीसाठी रविवारी जर्मन शिकायला जमायचो. सगळ्या त्यांच्या लेकीच्या वयाच्या, पण बाईंचं आपलं "अहो, यल्ला, चला, पुस्तक उघडा!" तरुणपणी त्या जर्मनीत नर्स होत्या. "पेशंटला 'झी'च म्हणायचं, म्हणजे आपलं 'आपण'," असं बजावायच्या. "पण खेड्यातली म्हातारी तुम्हाला 'डू' म्हणाली तर रागावू नका. ते आईचं 'तू' असतं."

खरा वैताग त्यांच्या गावठी जर्मनचा. परीक्षेला पुस्तकी भाषा, आणि बाई घोकून घेणार त्या जिथे नर्स होत्या, त्या श्वाबेनच्या खेड्यातली बोली. "बाई, हे परीक्षेत नाही हो!" मी एकदा चिडलेच. तेव्हा त्यांनी सांगितलं, की तिथे एक म्हातारी दिवसभर 'ग्सेल्त्स' मागत होती. बाईंना कळेना. कुणाला विचारेपर्यंत म्हातारी गेली. ग्सेल्त्स म्हणजे साधा जॅम.

"मरताना माणूस गावचंच बोलतो," बाई म्हणाल्या. "तेवढं तरी कळलं पाहिजे."

गेल्या उन्हाळ्यात बाईंना अर्धांगाचा झटका आला. त्यांच्या मुलाचा, रोहनचा, फोन आला. पोरगा इथेच वाढलेला, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारा. "दीदी, प्लीज कम. मॉम इज स्पीकिंग ओन्ली जर्मन."

धावत हॉस्पिटलमध्ये गेले. रोहनने मोबाइलवर जर्मन भाषांतराचं ॲप लावून आईच्या तोंडाशी धरलं होतं. बिचारा! बाईंची जीभ जड झाली होती, तरी शब्द कळत होते. जर्मन कसलं डोंबलाचं! ती मालवणी होती. बाई मालवणकडच्या, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. विचारलं होतं कुणी?

"माका वायच पेज दी गे, बाय."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या मला अगं-तुगं करत होत्या. मला रडूच फुटलं.

"व्हॉट इज शी सेइंग?"

"पेज मागतायत. पातळ, मऊ भात. त्यांच्या गावचा."

"सो गिव्ह हर!" रोहन ओरडला.

कुठून देऊ? त्यांची गिळायची ताकद गेली होती. घोट श्वासनळीत गेला असता. तोंडाने काही द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि ते बरोबर होतं हे मला नर्स म्हणून कळत होतं. बाईंनी शिकवल्याप्रमाणे गावचं बोलणं मला कळलं, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

मी कापसाचा बोळा पाण्यात भिजवून त्यांच्या ओठांवरून फिरवला. बाईंनी तोंड फिरवलं.

"ही पेज न्हय," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्या कुठल्याच भाषेत बोलल्या नाहीत.