दुष्काळातली अँटिक टूर

जुन्या वस्तूंच्या धंद्यात वस्तू विकल्या जातात, किस्से मात्र अंगावर राहतात. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही तिघं जीपनं शिरूर-दौंड पालथं घालायचो. पुण्याचे शेठ, दौंडचे ड्रायव्हर गफूरमामा आणि वस्तूंना लेबलं चिकटवणारा मी. हसण्यासारखं त्यात फार थोडं.

*

टूरचा प्लॅन करायला शेठनी नकाशा पसरला. कारागिरांची गावं शोधत होते.

गफूरमामा म्हणाले, "नकाशा गुंडाळा, शेठ. दुष्काळी कामाची खडी कुठं फुटतीय ते इचारा. तितंच भांडी भाईर निघत्यात."

रूट तसाच ठरला. माल भरभरून मिळाला!

*

तळेगाव ढमढेऱ्यात एका बाईकडे तांब्याचं घंगाळ होतं, ठोक्याचं.

"ह्यात अंगुळीचं पानी काडनार व्हय?"

"छे! गिऱ्हाईक दिवाणखान्यात ठेवील. शोभेला."

"रिकामं?"

"हो."

"मग त्येला हितं बघाया या म्हनावं. रिकामंच हाय की!"

*

खुटबावला खड्ड्यातल्या मागावर घोंगड्या विणणारे आप्पा भेटले. शेठना घोंगडी हवी होती, पण आजोबांच्या वेळची. नवीला कोण विचारतो?

आप्पा वैतागले. "मंग ह्यो मागच न्या. त्योबी आता जुनाच म्हनायचा!"

शेठनी खरंच नेला! मी लेबल लावत होतो, तेव्हा आप्पा मागाच्या रिकाम्या खड्ड्यात पाय सोडून तसेच बसले होते.

*

भीमेकाठी एक सोनार आबा होते. चांदीच्या पत्र्यावर मूर्ती उठवून देवघरातले टाक ठोकायचे. देवांचे, आणि घरातल्या गेलेल्या माणसांचेही. नातू तापानं फणफणला होता. त्याला पुण्याला न्यायचं म्हणून आबांनी स्वतःचं देवघर आमच्यापुढे मांडलं. खंडोबा, भवानी, सगळे. एक टाक मात्र मुठीत धरला होता.

"तो राहिला," शेठ म्हणाले.

"ह्यो द्येव न्हाई. थोरला ल्योक हाय माजा. लगीन व्हायच्या आदीच गेला. म्याच ठोकलाय."

"आबा, गिऱ्हाइकाला पूर्ण सेट लागतो. नाहीतर सगळंच राहू द्या."

आत नातू कण्हला. मला शेठचा भयंकर राग आला. गफूरमामा उठून बाहेर गेले.

आबांनी मूठ उघडली आणि धोतराच्या सोग्यानं टाक पुसला. शेठ एकेक टाक कागदावर पालथा घालून गुंडाळत होते. ते पाहून आबा पुढे सरकले.

"ह्याला तेवडं उताना ठिवा, शेठ. पालथा निजला की धाप लागायची त्याला."