खोल

आमच्या घरात 'खोल' हा शब्द चालत नाही. विहीर गहरी असते, ताटसुद्धा गहरं असतं. पाहुणे हसतात. हसू देत.

बाबा, म्हणजे चंपत गजभिये, आजीला घेऊन भंडाऱ्याहून भिलाईला आले, तेव्हा कारखाना उभा राहत होता. ते इमारत बांधकामाचा डिप्लोमा करत होते. दुसऱ्या वर्षी कॉलेजने मुलांना पायाचं काम दाखवायला साइटवर नेलं. माप घ्यायला बाबा खड्ड्यात उतरले. दोन्ही बाजूंची माती फळ्यांनी अडवली होती. फळ्यांना लाकडी टेकू होते आणि ते टेकू दोरांनी वर बांधलेले होते. दोरांपाशी एक नवा छत्तीसगढी मजूर बसला होता.

बाबा तळाशी पोचले. वर बघून ते म्हणाले, "लय खोल आहे रे."

हिंदीत खोल म्हणजे सोड. मजुराने एका दोराची गाठ सोडली.

टेकू हलला. मानेवर माती पडली. बाबा घाबरून ओरडले, "खोल आहे, खोल!" तो बिचारा घाईघाईने दुसरी गाठ सोडायला लागला. 'गहरा' हा शब्द बाबांना येत होता, पण त्या क्षणी तो तोंडात येईना. फळी अंगावर झुकली तेव्हा ते नुसते "माय वं" म्हणून किंचाळले. ते मात्र त्याला कळलं. त्याने दोर गच्च धरला.

संध्याकाळी आजीने सहज विचारलं, "किती खोल होता रे गड्डा?"

बाबांनी धावत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवला.